कपिलीच्या घशात घातलेला हात

दिगू,

तुझ्या तेराव्याला जमलेले लोक एकमेकांना सांगत होते, की तुला गाय चावली. मी दोघातिघांना म्हटलं, चावली नाही हो, यानं आपण होऊन तिच्या तोंडात हात घातला. त्यावर एक जण म्हणाला, "म्हंजे एकच की!" 

एकच कसं? गाय चावली असती तर ती तिच्या मर्जीनं. हात तू घातलास तो तुझ्या मर्जीनं. आणि का घातलास, हे तिथं जमलेल्यांत मला आणि विमलवहिनींनाच माहीत होतं. वहिनी आतल्या खोलीत होत्या आणि मला बाहेर कुणी विचारत नव्हतं.

तुझी नोकरी, तुझं संशोधन, तुझे छापून आलेले निबंध हे सगळं तुझ्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी शोकसभेत सांगून झालं. चांगलं बोलले. पण त्यात तू नव्हतास. संध्याकाळी माझा दवाखाना रिकामा झाला की रुग्णाच्या खुर्चीवर बसून "काय डाक्तर, आज किती मारले?" असं विचारणारा तू त्यात कुठंच नव्हतास. म्हणून हे तुलाच सांगायला बसलोय. काही भांडणंही राहिलीत. ती मी एकट्यानंच पुढं चालवणार आहे, आता तुला मध्येच तोडता येणार नाही.

पुणतांब्याच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. त्या वर्षी गावात बुळकांडी आली आणि तुमच्या गोठ्यातली सगळी जनावरं आठवड्याभरात गेली. तुझे वडील शेवटची गाय गोदावरीकडं ओढून नेत होते आणि तू मागनं चालत होतास, न रडता. मी तुझ्याबरोबर थोडं अंतर आलो आणि वासानं परत फिरलो. तू शेवटपर्यंत गेलास. पुढं मी माणसांचा डॉक्टर झालो, तू जनावरांचा झालास, आणि दोघंही नगरलाच येऊन पडलो. मी बाजारात दवाखाना टाकला. तू सावेडीला दोन खोल्यांत बिऱ्हाड केलंस, चहूकडं मोकळं माळरान. सायकलवर बसून गावोगाव फिरायचास, गाईंच्या मानेत सुया देत.

आपलं मोठं भांडण तेव्हाचं. माझ्याकडे मानेला गाठी आलेली पोरं यायची. गंडमाळा, म्हणजे गाठींचा क्षय. आयाबाया त्यावर बिब्बा लावून, डाग देऊन थकल्या की मग माझ्याकडे आणायच्या. मी म्हणायचो, "यांच्या घरात खोकणारं माणूस शोध." तू म्हणायचास, "यांच्या घरातली गाय शोध."

"लोक दूध उकळतात, दिगू."

"चहा उकळतात. पोराला आजी गोठ्यात उभं करते आणि धारोष्ण पाजते. अंगी लागतं म्हणून. काय अंगी लागतं ते तुझ्या दवाखान्यात येतं."

"तुमची जनावरं तुम्ही बघा, आमची माणसं आम्ही बघतो," असं मी एकदा चिडून म्हणालो होतो. तू उठून गेलास, दोनतीन दिवस फिरकला नाहीस. मग एका संध्याकाळी येऊन काहीच झालं नाही असा बसलास आणि म्हणालास, "एक गोष्ट सांग. गाईचा क्षय आणि माणसाचा क्षय यांच्यात कुंपण घातलंय ते कुणी? तू का मी?"  

मग लागोपाठ दुसऱ्या सालीही आभाळ कोरडं गेलं आणि केडगावच्या पुढं, पुणे रस्त्याच्या अंगाला, गुरांची छावणी पडली. पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडची जनावरं तिथं आली. तू पहिल्यांदा छावणी बघून आलास तो खुशीत आलास. मला ती खुशी आवडली नव्हती.

"एवढी जनावरं एका जागी! सायकल हाणत फिरलो असतो तर आयुष्य गेलं असतं रे."

मग चहा पिता पिता तुझा चेहरा उतरला. "पण सगळी एकाच हौदावर पितात. नाकाला नाक लावून बांधलीत. एक खोकलं की शेजारचं..."  बशी तशीच हातात धरून बाहेर बघत राहिलास.

छावणीत तू सुया द्यायला लागलास. मानेच्या कातडीत औषधाचा थेंब सोडायचा आणि तीन दिवसांनी जाऊन बघायचं. जिथं सुजलं, त्या जनावराच्या अंगात क्षय आहे. सुजलेली जनावरं तुझ्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. तू छावणीच्या चेअरमनकडं गेलास आणि म्हणालास, यांची दावण वेगळी करा, हौद वेगळा द्या. ते गृहस्थ गोड बोलणारे. तुला खुर्ची दिली, चहा दिला.

"डॉक्टरसाहेब, वेगळी दावण केली की बोभाटा होणार. लोक जनावरं सोडून नेणार. नेणार कुठं? रस्त्यात मरतील. ते पाप तुम्ही घेता का?"

तू मला हे सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, त्या माणसाचं अगदीच खोटं नाही. तू भडकलास. "मग मी काय करू? बघत बसू?" शेवटी एवढंच ठरलं, की उत्तरेच्या कडेला बाभळींखाली एक रांग करायची आणि जे मालक राजी होतील त्यांची जनावरं तिथं बांधायची. राजी कोण होणार? पहिली राजी झाली ती हौसाबाई, आणि तीसुद्धा तुझ्याशी भांडून.

पारनेरकडची ही विधवा बाई. तिच्याजवळ एक गाय, कपिली, आणि एक नात, पारू. बस्स, एवढाच संसार घेऊन ती छावणीत आली होती. कपिलीची मान सुजली तशी ती तुला म्हणाली, "सुज आली ती तुमच्या सुईनं. आदी न्हवती. आजार तुमी आनला, आन आता म्हन्ता गाय बाजूला बांद."

 तुझी नजर पारूच्या मानेवर गेली होती. दोन्ही बाजूंना गाठी, एक फुटायला आलेली. दुसऱ्या दिवशी तू दोघींना सायकलच्या मागंपुढं बसवून माझ्याकडे घेऊन आलास आणि दारातूनच ओरडलास, "डाक्तर, हे घे. खोकणारं माणूस शोध आता!" मी हौसाबाईला विचारलं. घरात कुणीच खोकत नव्हतं. घरात कुणी उरलंच नव्हतं.

मी सुईनं त्या गाठीतला पू काढून तुला दिला. तुझा चेहरा तेव्हा लहान पोरासारखा झाला होता. तू सांगितलंस, की याचं रोपण नळ्यांत करायचं, उबेत ठेवायचं आणि वाट बघायची. माणसाचा जंतू असेल तर चांगला जोमानं, खरबरीत वाढतो. गाईचा असेल तर बारीक, पसरट, रडतकढत येतो. महिना-दीड महिना लागतो.

पारूला मी औषधं चालू केली. तू हौसाबाईला सांगितलंस, दूध उकळल्याशिवाय पोरीला द्यायचं नाही. ती म्हणाली, "सरपन कुटनं आनू? हितं काटकी न्हाई." त्या संध्याकाळी तू घरचा स्टोव्ह उचललास आणि छावणीत नेऊन दिलास. तेव्हापासून विमलवहिनी चुलीवर स्वयंपाक करतात. एका अक्षरानं त्या बोलल्या नाहीत. मला मात्र एकदा हळूच म्हणाल्या, "भावजी, यांना सांगा ना, परत आणा म्हणून." मी तुला सांगितलं. तू हसलास.

मग कपिलीनं खाणं सोडलं.

वैरण तोंडात धरायची, चघळायची, आणि तशीच खाली पडायची. तोंडातनं लाळेच्या तारा. कुणी म्हणे घटसर्प झालाय, कुणी म्हणे लाळ-खुरकूत. बरेच जण म्हणायला लागले, सुई लागली. अख्ख्या रांगेतले मालक तुझ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले. हौसाबाई सगळ्यांदेखत तुला म्हणाली, "तिला गिळता येईना. तुमीच केलंया, तुमीच बगा."

आणि तू बाह्या वर केल्यास.

दिगू, इथं माझं तुझ्याशी भांडण आहे. रबराचे हातमोजे तुझ्या पिशवीत होते. पिशवी सायकलला होती. सायकल चार हातांवर होती. मी नंतर विचारलं तेव्हा तू म्हणालास, रबरातनं गाठ कळत नाही. खरं असेल. पण एवढंच खरं नव्हतं. त्या घशात तुला तुझी गाठ हवी होती. क्षयानं सुजलेली, घास अडवणारी गाठ. ती बोटाला लागली असती म्हणजे सुई खरी, रांग खरी, पारूची मान खरी, आणि इतकी वर्षं तू मला सांगत होतास ते सगळं खरं. तेवढ्यासाठी तू कोपरापर्यंत हात घातलास. माझं म्हणणं खोटं असेल तर खोटं म्हण.

गाठ नव्हती. तू बोटांनी सगळीकडं चाचपलंस. घसा मोकळा होता, फक्त गिळायचं विसरल्यासारखा लुळा पडला होता. हात बाहेर काढताना दाढ घासली आणि हाताच्या मागच्या बाजूला दोन ओरखडे उठले. तू साबणानं धुतलास, कार्बोलिक लावलंस, आणि मला कळवायचीही गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडत होतो, तर तू पायरीवर बसलेला. "काय डाक्तर" नाही, काही नाही.

"हंबरतीय," तू म्हणालास.

"कोण?"

"कपिली. सारखी हंबरतीय. घोगरं, फाटल्यासारखं. आणि मागचे पाय लटपटतायत." मग तू हात पुढं केलास आणि ते ओरखडे दाखवलेस. "सदा, ही गाय पिसाळलीय."

मी म्हटलं, कशावरून? कुत्रं कुठं चावलंय तिला? तू म्हणालास, तेच विचारून आलोय. तू हौसाबाईला बाजूला घेऊन विचारलं होतंस आणि तिनं जराही न लपवता सांगितलं होतं, "आल्तं की कुत्रं. लई दिस झाले. येड्यावानी रांगंतनं पळत गेलं. गड्यांनी काठ्यांनी मारलं आन पुरलं. चेरमन म्हनले, कुनी बोलायचं न्हाई, छावनी उटल."

सगळ्या छावणीला माहीत होतं. तुलाच तेवढं माहीत नव्हतं, कारण तुला कुणी सांगायचं नाही असं ठरलं होतं.

त्याच सकाळी मी तुझ्या पोटात पहिलं इंजेक्शन दिलं. सरकारी दवाखान्यातनं लस आणली. रोज एक, अशी चौदा. बेंबीच्या आजूबाजूला जागा शोधायची आणि टोचायचं. चारपाच दिवसांत तुझं पोट टणक झालं, कपडा लागला तरी ठणकायचं. तरी तू बडबडत असायचास. जनावरांना टोचणाऱ्यांपेक्षा माझा हात किती जड आहे, हे तू मला रोज सांगायचास. "बैल असतो तर लाथ घातली असती तुला." मी हसायचो. मला वाटतं, तेव्हा मी मनापासून हसायचो.

कपिली मेली. तिच्या जवळ जायला कुणी तयार होईना. तिचं डोकं तूच उतरवलंस, या वेळी हातमोजे घालून, आणि मेंदूचा तुकडा काचेवर घेऊन प्रयोगशाळेत गेलास. मला बोलावून घेतलंस. सूक्ष्मदर्शक दुर्बिणीवरून बाजूला सरकलास आणि म्हणालास, "बघ."

निळसर पेशी होत्या आणि त्यांच्या आत किरमिजी रंगाचे गोल, नीट, कुणी मुद्दाम ठेवल्यासारखे.

"हेच का ते, पिसाळल्याची खूण?"

"हेच. शंका नाही," तू म्हणालास. तुझ्या आवाजात भीती नव्हती. तुला मी ओळखतो म्हणून सांगतो, किंचित समाधान होतं. निदान पक्कं झालं होतं. मला मात्र त्या काचेकडं परत बघवेना. बाहेर आल्यावर मी विचारलं, "वहिनींना काय सांगायचं?" तू म्हणालास, "मी सांगेन." सांगितलंस की नाही, हे मला कधीच कळलं नाही. वहिनींनाही मी आजवर विचारलेलं नाही.

मग तुला हौसाबाईचा घोर लागला. ती आणि पारू कपिलीच्या तोंडात हातानं कोंड्याचे गोळे भरत होत्या, शेवटच्या दिवसापर्यंत. त्यांना सुया द्यायलाच हव्या होत्या. आपण दोघं छावणीत गेलो. ती म्हणाली, "मला कुनी चावलं न्हाई. तुमच्या एका सुईनं गाय गेली, आता पोरीच्या पोटात सुया? न्हाई म्हंजे न्हाई."

लोक जमले. कुणीतरी मागनं म्हणालं, "मारा याला." मी तुझा दंड धरला. तू तो सोडवलास आणि सदरा वर केलास. पोटावर टोचल्याच्या खुणा, निळेकाळे डाग, सूज. तू हौसाबाईला म्हणालास, "मावशी, हे बघा. जी सुई मला, तीच तुम्हाला. मला तुमच्या गायीची लाळ लागली. तुम्हालाही लागली. मी घेतोय. तुम्ही घ्या."

हौसाबाई तुझ्या पोटाकडं बघत राहिली. मग खाली बसली आणि पारूला मांडीवर ओढून म्हणाली, "तुमाला लागंल का काय?"

तू म्हणालास, "सुया घेतल्यावर नाही लागत."

माझ्याकडं न बघता म्हणालास. आपल्या दोघांनाही माहीत होतं, की कधीकधी लागतं.

दोघींनी सुया घेतल्या. आणि इतरही ज्यांनी कपिलीला हात लावला होता, त्यांतले बरेच जण आले. कुत्र्यानं आणखी कुठल्या जनावराला चावा घेतला होता, हे मात्र कुणाला सांगता येईना. चेअरमन म्हणाले, एकच गाय, बाकी सगळं ठीक. तू रांगेतल्या प्रत्येकाला सांगितलंस, जनावरानं खाणं टाकलं की हात घालू नका, मला बोलवा. तुझं शेवटचं इंजेक्शन झालं आणि आपण दोघांनी दवाखान्यात जिलबी खाल्ली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण त्यांत काही घडत नव्हतं. तू कामावर जात होतास. रोज नळ्या उबेतनं काढून उजेडात धरत होतास. पारूच्या नळ्यांत अजून काही दिसत नव्हतं. ऊन वाढत होतं. तुझ्या बोलण्यातला भर जरा कमी झाला होता, पण तो सगळ्यांचाच झाला होता त्या उन्हाळ्यात. मी रोज संध्याकाळी तुझ्या येण्याची वाट बघायचो आणि तू आलास की तुझ्या हाताकडं बघायचो. तुला ते कळत होतं. तू हात खिशात ठेवायला लागलास.

एका संध्याकाळी तू नेहमीसारखा बसलास. मी तुझ्याकडनं सही घ्यायला कागद पुढं केला, कसला होता तेही आता आठवत नाही. तू पेन घेतलंस, आणि ठेवून दिलंस.

"पेन धरवत नाही रे. मनगटापासून झिणझिण्या येतायत."

मी म्हटलं, "दिवसभर दुर्बिणीवर वाकून बसतोस. शीर दबली असेल."

तू माझ्याकडं बघितलंस. 

"हो," म्हणालास. "तेच असेल."

आणि आपण चहा प्यालो. दिगू, त्या चहाबद्दल मी अजून कुणाशी बोललेलो नाही. तुला काही बोलायचं होतं का? मला होतं. तुझा हात हातात घ्यायचा होता. पण घेतला असता तर आपण दोघंही ते मान्य केलं असं झालं असतं. तू कप खाली ठेवलास, "येतो डाक्तर," म्हणालास आणि सायकलचं हँडल एका हातानं धरून गेलास.

दोन दिवसांनी वहिनींनी शेजारच्या माणसाला पाठवलं. तुला ताप होता, झोप नव्हती. मी तांब्या पुढं केला. तुझ्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे विस्फारले, तू तांब्या ढकलून दिलास. पुढं तर तांब्याचा आवाज आला तरी तेच व्हायचं. सगळा जिल्हा टिपूसभर पाण्याच्या आशेवर जगत होता आणि तुझ्या घरातलं पाणी आम्ही हंडे-कळश्यांसकट शेजारी नेऊन ठेवलं.

मधूनमधून तू पूर्ण शुद्धीवर यायचास. हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. एकदम आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायचास. तसाच एकदा म्हणालास, "सदा, दारं लावून घे. वारा नको." मग म्हणालास, "तू माझ्या तोंडाजवळ येऊ नकोस. विमलला येऊ देऊ नकोस." आणि मग, "मी गेल्यावर माझा मेंदू काढ. कपिलीची काच आहे. माझी पण हवी. लस घेऊनही रोग झाला, हे कळायला हवं."

मी उठून खिडकीची फट कापडानं बुजवू लागलो.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"जनावराचं तेवढं बघायचं आणि माणसाचं नाही, हे काय शास्त्र झालं?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. तू परत भ्रमात गेलास, तेव्हा त्या मला बाहेर घेऊन गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भावजी, यांनी स्टोव्ह नेला, मी बोलले नाही. रात्रंदिवस जनावरांत राहिले, मी बोलले नाही. यांचं डोकं मी कुणाला देणार नाही."

मी तुझं ऐकलं नाही. वहिनींचं ऐकलं. तू गेलास, तुला आम्ही अखंड नेलं. या बाबतीत तू माझ्याशी भांडणार, मला माहीत आहे. शास्त्राच्या बाजूनं तुझंच बरोबर आहे, तेही माहीत आहे. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा वहिनींचंच ऐकेन.

तू म्हणालास तसं मी तोंडापासून लांब राहिलो नाही. तुझी लाळ पुसायला दुसरं कोण होतं? माझ्या बोटांना तेव्हा उन्हाच्या भेगा होत्या. म्हणून तू गेलास त्याच दिवसापासून मी आणि वहिनी, दोघंही सुया घेतोय. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर टोचतो. हात हलका आहे त्याचा, पण तोंडानं मुका. काल माझी शेवटची झाली, वहिनींचीही. आता वाट बघायची. तू ते दिवस कसे काढलेस, हे विचारायला हवं होतं मी तुला.

तुला सांगायच्या दोन गोष्टी आहेत. पारूच्या गाठी बसत चालल्यात. एक फुटलेली सुकली, बाकीच्या हाताला मऊ लागतात. आणि दुसरी, तुझ्या नळ्यांत आलं. मी प्रयोगशाळेत जाऊन स्वतः बघितलं. बारीक, पसरट, पांढुरकं. मला त्यातलं काय कळतं? पण तू सांगितलं होतंस तसंच दिसलं. पक्कं सांगायला सशांवर प्रयोग करावा लागतो म्हणे, आणि इथं ते करणारा तूच होतास. नळ्या पुण्याला पाठवल्यात. उत्तर यायला वेळ लागेल. तुझं खरं ठरलं तर मी मान्य करीन, एवढंच आज लिहून देतो. तुझ्यासमोर केलं असतं तर तू वर्षभर छळलं असतंस.

हे इथंच थांबवणार होतो. पण आज दुपारी एक गोष्ट घडली, ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

दवाखाना बंद करून जेवायला निघालो होतो. दारात एक मध्यम वयाचा माणूस उभा, डोक्याला मुंडासं, पायभर धूळ. केडगावहून चालत आला होता.

"हौसाबाईनी धाडलंय," म्हणाला. "गुरांचे डाक्टरसाहेब वारले, त्यांचे दोस्त तुमी, असं म्हनली. आमचा बैल हाय उत्तरंच्या रांगंत. कालधरनं वैरन तोंडात धरतो आन गिळत न्हाई. सकाळधरनं हंबरतोय."

मी माणसांचा डॉक्टर आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. त्याला आत घेतलं, तुझ्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "त्याच्या तोंडात कुणी हात घातला का?"

"घातला की. म्या घातला. काय अडाकलंय म्हनून."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, घालू नका म्हणून?"

"व्हय. पन आता बोलवायचं कुनाला?"

मी कपाट उघडलं. माझ्या आणि वहिनींच्या सुयांसाठी आणलेल्या लसीतली थोडी उरली होती. त्याला सदरा वर करायला सांगितलं. त्यानं निमूटपणे वर केला. सुई भरता भरता मी विचारलं, "तू सोडून आणखी कुणी?"

तो आठवायला लागला. थोरला पोरगा. भाऊ. शेजारचा, बैल धरायला आलेला. त्याची बायको, गूळ चारायला. एकेक नाव घेत तो बोटं मुडपत होता. एका हाताची बोटं संपली, तसा त्यानं दुसरा हात उघडला.